जादूगार मधे, बाकी कडेने

१ जानेवारी, पहाटे ५.१०
उठलो. यंदाचा संकल्प: रोज पहाटे पाच ते आठ अभ्यास. वयाच्या अटीप्रमाणे स्पर्धा परीक्षेचा हा माझा शेवटचा अटेम्प्ट. शेवटच्या बॉलवर सिक्स मारणाराच लोकांच्या लक्षात राहतो. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. पण उद्या अधिकारी झाल्यावर कुणी ‘सर, तुमचा प्रवास सांगा’ म्हणालंच, तर हाताशी असलेली बरी.

१ जानेवारी, सकाळी ९.४०
थंडी फार होती. गार डोक्यात राज्यघटना शिरत नाही. उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार
दुपारी निजामकडे खेळ. शेगावातल्या अर्ध्या लॉजमधले भाविक निजामच्या गाद्यांवर झोपतात. रविवारी त्याचं कापूस पिंजायचं मशीन बंद असतं, म्हणून आम्ही वरच्या माळ्यावर गाद्यांच्या थप्पीवर बसतो. खेळ जुना आहे. निजामच्या मामेभावाने रियाधहून येताना नियमांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, आमच्या जन्माआधी छापलेलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, मोबाईल तर नाहीच. निजाम मास्टर. तो एका अंधाऱ्या तळघराचं वर्णन करतो आणि त्यात राक्षस ठेवतो. आम्ही काय करतो ते सांगायचं आणि फासे टाकायचे. दर रविवारी पुष्कळ लोक मरतात.

प्रत्येकाचा एक वर्ग असतो. गणेश, माझा मोठा मेहुणा, योद्धा आहे. वडनेर भोलजीला त्याचा स्वतःचा जेसीबी आहे आणि त्याचा योद्धाही तसाच चालतो. नाव रणगाडा. मेडिकल स्टोअरवाली प्रेरणा पुजारी आहे. पुजाऱ्याला धर्माने धारदार शस्त्र वर्ज्य, कारण रक्त सांडायचं नाही. म्हणून ती गदेने डोकी फोडते. रक्त सांडतंच, पण तो हेतू नव्हता असं ती म्हणते.

मी जादूगार. जादूगाराला चिलखत नाही, ढाल नाही, दिवसातून एक मंत्र. तो म्हणून झाला की हातात फक्त एक सुरी. माझ्या पहिल्या जादूगाराला एका शेतकऱ्याच्या कोंबड्याने टोचून मारलं. गणेश ते अजून लग्नकार्यात सांगतो. नवा जादूगार: महाप्रज्ञ. जीव मोजायचा फासा टाकला, दोन पडले. रणगाड्याला सात.

आज रणगाड्याने एका डुक्करतोंड्या राक्षसाचा हात खांद्यापासून तोडला आणि त्याच हाताने दुसऱ्याला बदडलं. प्रेरणाने एकाची कवटी अशी फोडली की निजामने वर्णन करता करता चहाचा कप खाली ठेवला. मी झोपेचा मंत्र टाकला, चौघे झोपले, आणि मग या दोघांनी झोपलेल्यांचे गळे आवळले. म्हणजे मूळ विजय माझाच.

प्रत्येक दारापाशी निजाम विचारतो, ‘लाईन कशी?’ आणि सगळे ओरडतात, ‘जादूगार मधे, बाकी कडेने.’ ऐकून बरं वाटतं. राजाला असंच नेत असतील.

१९ जानेवारी, रविवार
मोठा शोध लागला. लिहून ठेवतो.
या जुन्या खेळात सगळे वर्ग समान नाहीत असं लोक रडतात. ते मूर्ख आहेत. समतोल आहे, पण तो आजचा नाही, आयुष्यभराचा आहे. योद्धा पहिल्या दिवसापासून दणकट, पण पुढे तो फक्त जास्त दणकट होतो. जादूगार आधी शेंबड्या पोरासारखा असतो, कुणीही मारावं. पण पाचव्या लेव्हलला त्याला फायरबॉल मिळतो. आगीचा गोळा. एका मंत्रात खोलीभर राक्षस जळून कोळसा. मग योद्ध्यांनी मागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

आयुष्याचे नियमही अशाच कुणीतरी जुन्या माणसाने लिहिलेत. गणेश दहावी नापास, विशीत जेसीबी. संपला. पुढे काय, दुसरा जेसीबी. माझी बायको सुवर्णा, बाविसाव्या वर्षी एसटीत कंडक्टर. चांगलं आहे, पण योद्धा वर्ग. आणि मी सदतिसाव्या वर्षी सुरी घेऊन उभा आहे. वेळ माझी यायची आहे.
ठरवलं: महाप्रज्ञ यंदा पाचव्या लेव्हलला गेला, तर मी परीक्षा पास.

१३ फेब्रुवारी
सुवर्णा युनिफॉर्मवर रक्त घेऊन घरी आली. खामगावच्या गाडीत एकाने म्हातारीच्या गळ्यातली पोत ओढली आणि दारातून उडी मारायला निघाला. सुवर्णाने तिकिटाचं मशीन त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात मशीनच्या पट्ट्यात अडकले. मग त्याची मान सीटच्या दांडीत दाबून पोलीस येईपर्यंत उभी राहिली. मी म्हणालो, मशीन बिघडलं तर भरपाई कोण देणार. ती म्हणाली, ‘रगत पुसलं तं चालून राह्यलं.’

जेवताना म्हणाली, मेहकरला ट्रॅफिक कंट्रोलरची जागा आहे, तिचं नाव यादीत आलं आहे. टेबल-खुर्ची, माईकवर बसगाड्या पुकारायच्या, उभं राहणं नाही. तिच्या पायांच्या शिरा फुगल्यात. मी समजावलं की माझी अभ्यासिका इथे आहे, माझी लय इथे आहे, आणि निकालानंतर माझं पोस्टिंग जिथे होईल तिथे जायचंच आहे. दोनदा सामान कशाला हलवायचं. ती म्हणाली, ‘बरं.’
तिला तशी फार हौस नाही. योद्ध्यांचं असंच असतं.

९ मार्च, रविवार
सुवर्णा खेळात आली. गणेशनेच तिला ओढून आणलं. रविवारची सुट्टी, घरी बसून काय करते, म्हणे. मी तिला वर्ग समजावून सांगितले, प्रत्येकाचे फायदे-तोटे, दीर्घकालीन विचार. तिने विचारलं, ‘दारात उभं राहाचं काम कोनाचं?’ निजाम म्हणाला, योद्ध्याचं. ती म्हणाली, ‘मंग तेच लिवा.’ नाव दगडाबाई.

जीवाचा फासा टाकला. आठ. त्या फाशावर याहून वर आकडाच नाही.

पहिल्याच दारात तिने कुऱ्हाडीने एकाला डोक्यापासून बेंबीपर्यंत उभा चिरला. निजामने आतडी कशी पडली ते सांगितलं, तर म्हणाली, बाजूले करा, पाय घसरते. गणेश इतका हसला की गादीवरून पडला. मला ही चेष्टा खेळाच्या प्रतिष्ठेला धरून वाटली नाही.

६ एप्रिल, रविवार
अन्याय. दगडाबाई महिन्यात दुसऱ्या लेव्हलला. नियमाप्रमाणे योद्ध्याला वर चढायला कमी गुण लागतात आणि जादूगाराला जास्त. मी जानेवारीपासून तिथेच. याला समतोल म्हणायचं का.

अभ्यास: अभ्यासिकेतला कूलर बंद आहे. बेचाळीस डिग्रीत मूलभूत हक्क वाचणं हे मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे. तरी पहिलं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं. पाया पक्का हवा. टाइमटेबल चार रंगांत नव्याने काढलं.

१३ एप्रिल, रविवार
आज निजामला लेखी प्रस्ताव दिला: वर्गसमतोल सुधारणा. आठवडाभर त्यावरच बसलो होतो. योद्ध्याने पाच मारले की त्याचा खांदा दुखावा. जादूगाराला शिक्षणाप्रमाणे जादा जीव मिळावेत. आणि जादूगाराचं रक्षण करताना जो पराक्रम होतो, त्यातले निम्मे गुण जादूगाराला, कारण तो मधे नसता तर पराक्रम करायचं कारणच नव्हतं.

निजामने कागद शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाला, ‘साहेब, खेळ असाच हाय. पयले चार जन तुमाले जगवतीन, मंग तुमी चार जनाले जगवा. हाच त्याचा समतोल.’ तो मला साहेब म्हणतो. त्याला दूरचं दिसतं, पण नियमात लवचीक नाही. प्रेरणा म्हणाली, ‘माह्या दुकानातल्या औषधाले एक्स्पायरी असते. तुमच्या मंत्रावर तं अजून मॅन्युफॅक्चरिंग डेटच नाई आली.’ मी दुर्लक्ष केलं.

नंतर सांगाड्यांची लढाई. रणगाड्याचा कान तुटला. प्रेरणाने तो त्याच्याच पट्टीत बांधून ठेवला, पुढे लागला तर. मी मंत्र टाकला. सांगाड्यांना झोप येत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

१८ मे, रविवार
तिसरी लेव्हल. संकल्प नव्याने: पहाटे चार.

१९ मे, सकाळी १०.१५
चार ही वेळ अशास्त्रीय आहे.

२९ जून, रविवार
कत्तल. एका पुलावर डुक्करतोंड्यांची फौज. रणगाडा आणि दगडाबाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि येईल त्याला कापत गेले. पुलाखालचं पाणी लाल झालं, मग घट्ट झालं. बहीण-भाऊ फासे टाकताना एकमेकांना टाळ्या देत होते. प्रेरणा मागून एकेकाच्या जखमा बांधायची आणि मधूनच पुढे जाऊन कुणाचा तरी जबडा उडवून यायची. मी मधे होतो. मंत्र वाचवून ठेवला. मंत्र वाचवणं हीसुद्धा लढाईच आहे, आतली.

शेवटी लढाई संपल्यावर सगळ्यांना समान गुण मिळाले. हे मात्र न्याय्य वाटलं. चौथी लेव्हल दिसू लागली.

२० जुलै, रविवार
चौथी लेव्हल. एक आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव बदललेला नाही. फक्त आवाज थोडा खालच्या पट्टीत गेला आहे.

३ ऑगस्ट, रविवार
महाप्रज्ञ मरता मरता वाचला. छतावरून एक राक्षस कुऱ्हाड घेऊन थेट माझ्यावर उडी मारून आला. फासा पडला, वार लागणार हे नक्की. तेवढ्यात सुवर्णा म्हणाली, ‘मी मधे येते.’ निजाम म्हणाला, तसा नियम आहे, पण मग तुमचा पुढचा वार गेला. ती म्हणाली, जाऊ द्या. कुऱ्हाड दगडाबाईच्या बरगड्यांत घुसली. बरगड्या मोडल्याचा आवाज निजामने फरसाणाची पुडी चुरडून काढला. तिने तशीच कुऱ्हाड बरगडीत ठेवून त्या राक्षसाचे डोळे अंगठ्यांनी फोडले.

डावपेच म्हणून निर्णय अचूक होता. मी घरी जाताना तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, उद्या पयली गाडी हाय, लवकर झोपते.

२५ ऑगस्ट
अभ्यासिकेतल्या नव्या पोरांनी मला ‘काका’ म्हणून हाक मारली. यांना शिस्त नाही. म्हणून आज अभ्यासिकेत गेलो नाही. घरी वाचन करायचं ठरवलं, पण घरात सुवर्णाचे पाय बादलीत आणि बादली टेबलाशेजारी. तिच्या पायांकडे पाहून लक्ष लागत नाही. निळ्या दोऱ्यांचं भेंडोळं असावं तशा शिरा. मी म्हणालो, मोजे घाल.

८ सप्टेंबर
मेहकरची ती जागा पुन्हा निघाली आहे. फेब्रुवारीत ती नाही म्हणाली, त्यावर दुसरा कुणी आला नाही. सुवर्णा म्हणाली, ‘यंदा नाई म्हनलं तं मंग लय वर्षं नाव लागत नाई.’ मी म्हणालो, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. शेवटचा अटेम्प्ट. आत्ता घर हलवलं तर माझी लय तुटेल. आणि अधिकाऱ्याच्या बायकोला कंट्रोलरच्या खुर्चीचं काय कौतुक. तिने माझं ताट उचललं. मग डबा घासायला गेली.
समजूतदार आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
पाचवी लेव्हल.

एका अजगराने रणगाड्याला गिळलं होतं. त्याने आतून तलवारीने पोट फाडलं आणि आतड्याची माळ गळ्यात घेऊन बाहेर आला. दगडाबाईने अजगराचं डोकं दारात घालून दार आपटलं, पुन्हा पुन्हा, चिखल होईपर्यंत. गुण वाटले. निजामने माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. फायरबॉल.

ते पान मी दोनदा मोठ्याने वाचलं, हे लिहायला लाज नाही. शाळेत कबड्डीची टीम निवडताना मी शेवटी उरायचो, आणि मग दोन्ही कॅप्टन एकमेकांना म्हणायचे, तू घे. आज कुणाच्याही हातात नाही ते माझ्या हातात आहे. निजाम नियम समजावत होता. आगीचा गोळा ठरलेली जागा भरतो, जागा कमी असली तर उरलेली आग वाट मिळेल तिकडे येते, असं काहीतरी. बारीकसारीक. मी निकालाचा विचार करत होतो.

घरी जाताना गणेशला म्हणालो, आता तुम्ही लोकांनी आराम करा. तो म्हणाला, ‘हाव जवाई, तुमच्याच भरोशावर हाव आमी.’

२८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
निजामच्या मोरीत तोंड धुऊन आलो आणि लिहितो आहे. अक्षर वाकडं येईल, एका डोळ्याने दिसत नाही.

सरळ क्रमाने लिहितो. तळघराची शेवटची खोली. बुटकी, छत डोक्याला लागेल एवढं. दार एकच. पलीकडे डुक्करतोंड्यांचा राजा आणि त्याची सगळी पलटण. आमच्या मागे भिंत. दगडाबाई दारात उभी राहिली. एकटीच मावेल एवढं दार. ती म्हणाली, ‘मी दार धरते. तुमी भिंतीत वाट शोधा अन् निंगा.’ भाला तिच्या मांडीतून आरपार गेला. तिने तो मोडला आणि अर्धा परत ज्याचा त्याच्या गळ्यात खुपसला. दारात मढ्यांची रास झाली, तीवर चढून आणखी येत होते. रणगाडा भिंत फोडत होता, प्रेरणा दगडाबाईला मागून पट्ट्या बांधत होती. वाट सापडली. गणेश म्हणाला, जवाई, चला.

मी म्हणालो, मी फायरबॉल टाकतो.

निजामने मान वर केली. म्हणाला, ‘साहेब, पक्कं?’ दोन वर्षांत त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं. मला तो आदर वाटला. मी म्हणालो, पक्कं. प्रेरणा म्हणाली, छत पाहा. सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. मी फासे घेतले. पाच फासे, मुठीत मावेनात. टाकले.

राजा जळाला. पलटण जळाली, चरबी उकळून वाहिली. आणि मग आगीला जागा पुरली नाही. ती दारातून परत आली. दगडाबाईच्या पाठीवरून आत, खोलीभर. रणगाड्याचे केस, भुवया, कातडी गेली. प्रेरणाचं चिलखत तापून अंगाला चिकटलं. दगडाबाईची पाठ हाडापर्यंत भाजली. दोन वर्षांत जमवलेलं सोनं वितळून जमिनीत मुरलं. निजामने प्रत्येकाचे उरलेले जीव मोजले. रणगाडा जिवंत. पुजारीण जिवंत. दगडाबाई, कशीबशी, उभी. त्यांचे जीव एवढे वाढले होते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी वर चढत होतो तेव्हा तेही चढत होतेच की.

महाप्रज्ञ मेला. माझ्याच मंत्राने. राख पण उरली नाही, म्हणाला निजाम, हळू आवाजात.

मी म्हणालो, नियमात दोष आहे. मी म्हणालो, हा समतोलाचा अभाव आहे, आणि दगडाबाई दारातून बाजूला झाली असती तर आग बाहेर गेली असती.

तेव्हा गणेश उठला. माझी कॉलर धरून मला थप्पीवरून खाली खेचलं आणि म्हणाला, ‘तिनं दार धरलं होतं बे तुह्यासाठी. अन् तू तिच्या पाठीत आग घातली.’ मी म्हणालो, खेळ आहे. तो म्हणाला, ‘खेळ? मेहकरले दोनदा नाई म्हनाली ते, पायाच्या शिरा फुटून राह्यल्या तिच्या, काऊन? तुह्या अभ्यासासाठी. कायचा अभ्यास बे? पंधरा वर्षं तुह्यं पयलंच प्रकरण चालू हाय.’ आणि मारलं. जेसीबीचा माणूस आहे. नाकातून कट्ट असा आवाज आला. मी पडलो, तर पुन्हा उचलून डोळ्यावर एक दिला. निजाम आणि प्रेरणा त्याच्या हाताला लटकले तेव्हा थांबला. गादीच्या पांढऱ्या कापडावर माझं रक्त. प्रेरणाने थप्पीतली एक गादी उसवून कापूस काढला आणि माझ्या नाकात कोंबला.

लग्नापासून गणेशने मला ‘तुम्ही’शिवाय हाक मारली नव्हती. जवायाला तू म्हणाला. नाकापेक्षा ते जास्त लागलं.

सुवर्णा जागची हलली नव्हती. तिने फासे गोळा करून डबीत भरले.

२९ सप्टेंबर
नाक सुजलं आहे. अशा अवस्थेत अभ्यास अशक्य, हे कुणालाही पटेल.

सुवर्णा संध्याकाळी आली. बॅग खुंटीला लावली आणि म्हणाली, ‘मी हो म्हनून आली. मेहकर. जागा रिकामीच होती अजून.’ मी म्हणालो, माझ्याशी बोलायला हवं होतंस. ती म्हणाली, ‘बोलली होती. दोनदा.’ मी विचारलं, गणेश म्हणाला ते खरं आहे का, माझ्यासाठी नाही म्हणालीस का. ती म्हणाली, ‘अहो, तुमीच तं म्हनत होते, पुढं तुमची येळ येनार हाय. म्या म्हनलं, तोवर धरून ठेवू दार.’ बादलीत पाय सोडत म्हणाली, ‘आता पाय दुखतात.’

मला रडू आलं. नाकात कापूस असताना रडू नये, जीव गुदमरतो.

१२ ऑक्टोबर, परीक्षेचा दिवस, सकाळी ६.००
गणेश गाडी घेऊन दारात. इंजिन चालूच. निजाम पुढे बसला, त्याने दुकान बंद ठेवलं होतं. मागे एका दाराशी सुवर्णा, दुसऱ्या दाराशी प्रेरणा. मला मधे बसवलं. सेंटर बुलढाण्याला. सेंटरच्या गेटपाशी गणेशने डबा हातात दिला आणि म्हणाला, ‘जा जवाई.’ पुन्हा ‘तुम्ही’वर आला. मी गेटातून आत जाऊन मागे वळलो तर चौघे तिथेच उभे, रांगेने.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
पेपर बरा गेला.
पेपर सोपा होता.
बाहेर सगळी पोरं म्हणत होती, सोपा होता. पहिल्या प्रकरणावर एकही प्रश्न नव्हता. मी पंख्याकडे पाहत बसलो. बाहेर आल्यावर निजामने विचारलं, ‘कसा, साहेब?’ मी म्हणालो, आग परत आली. सुवर्णा म्हणाली, आधी जेवून घ्या.

१९ ऑक्टोबर, रविवार
शेवटचा खेळ इथला. निजाम म्हणाला, नवा जादूगार करा, पहिल्या लेव्हलपासून. मी नको म्हणालो. मग मला बसून पाहायला सांगितलं. मी नसल्यामुळे लाईन सुटसुटीत झाली होती. दारातून पटापट आत गेले, कापलं, बाहेर आले. कुणी मागे वळून पाहत नव्हतं. एका राक्षसाचं डोकं उडून थेट हंड्यात पडलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या वाजवतो.

२ नोव्हेंबर, रविवार, शेगाव–मेहकर गाडी
सामान गणेशच्या पिकअपमधून पुढे गेलं. सुवर्णा उद्या जॉईन होते. ती पुढच्या सीटवर पाय लांब करून बसली आहे, गाडीतला कंडक्टर तिला आत्तापासूनच मॅडम म्हणतो. पुढे जागा नव्हती, मी मागे. गाडी हलते, लिहिता येत नाही नीट.

शेजारी वच्छलाबाई म्हणून एक आजी. मेहकरहून पुढे हिवरा आश्रमला चालल्यात. माझ्या नाकाकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, ‘काय करता भाऊ तुमी?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पंधरा वर्षं तयार होतं: तयारी करतो. तोंड उघडलं आणि ते आलं नाही. वयाची अट परवा संपली. दुसरं काही शोधलं, तेही सापडेना. आजी वाट पाहत होत्या. शेवटी मी पुढच्या सीटकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, त्या मेहकर स्टँडच्या नव्या कंट्रोलर मॅडम आहेत. मी त्यांच्यासोबत आहे.

आजी म्हणाल्या, ‘बरं हाय.’ मग त्यांनी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. पिशवीत वांगी आहेत. मेहकर यायला अजून वेळ आहे.